गच्चीवरचे रोडगे

सकाळी अण्णाजींनी आंघोळ केली, धोतर नेसले आणि पिपरी मेघेतल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या फरशीवर परात घेऊन बसले. जाडसर दळलेल्या कणकेत त्यांनी ओवा, मीठ आणि तेलाचे मोहन घातले व ती घट्ट भिजवली. मग लहान पाऱ्या लाटून, तेल लावून, एकीवर एक ठेवून रोडग्याचा पहिला गोळा वळला. त्याचा सांधा लगेच उकलला.

"अवो, सांधा उकलला पाह," ते सवयीने म्हणाले आणि स्वतःच सांधा दाबू लागले.

नाचणगावच्या शेतात दरवर्षी रोडगे होत, तेव्हा गोळे त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई भरत आणि आग अण्णाजी सांभाळत. ते सांध्याला नावे ठेवत. "माह्या सांध्याचं राहू द्या, तुमची आग पाहा," असे त्या ऐकवत. हे भांडण सुनेलाही पाठ झाले होते. मनकर्णाबाईंना जाऊन आता वर्ष झाले होते. विधी कालच उरकला होता. आजच्या जेवणासाठी मुलाने, धनंजयने पनीर आणि पुलाव सांगायचे ठरवले, तेव्हा अण्णाजी एवढेच म्हणाले, "तिच्या नावानं रोडगे अन् वांग्याची भाजी. दुसरं काई नको."

भाजी सुनेने, रूपालीने केली. गोवऱ्या धनंजयने मोबाईलवरून मागवल्या. त्या रंगीत खोक्यातून आल्या. सगळ्या सारख्या, गोल, बिस्किटांसारख्या.

"गोवऱ्याही खोक्यात येतेत काय रे?"

"घरपोच, बाबा! देशी गाईच्या. वर लिहून हाय."

वर आणखीही बरेच लिहिले होते. ते कोणी वाचले नाही.

अण्णाजींनी गच्चीवर विटा मांडून आग पेटवली आणि निखारे झाल्यावर त्यांत रोडगे पुरले. धूर जिन्यातून खाली उतरला आणि गुग्गुळ-कापराचा वास घरोघरी पोचला. सर्वांत आधी खालच्या मजल्यावरच्या सुलोचनाबाई जास्वंदीची फुले घेऊन वर आल्या. उघड्या अंगाने मांडी घालून बसलेले, धुराने डोळे भरलेले अण्णाजी पाहून त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"होम मांडला अन् सांगतलं नाई, अण्णाजी? काकूंच्या नावानं हाय ना?"

"हो, तिच्याच नावानं," अण्णाजी म्हणाले. ते खरेच होते.

फुले विस्तवावर पडली. मागोमाग कोणी हळद-कुंकू आणले, कोणी नारळ. सोसायटीचा सेक्रेटरी सचिन तावातावाने चढून आला. "गच्चीवर आग लावाले परवानगी कोणं देल्ली?" एवढे म्हणून त्याने समोरचे पाहिले आणि मुकाट्याने चपला काढल्या. "माफ करजा, काका. तुमचे मंत्र चालू राहू द्या."

"कायचे मंत्र? अरे, खाली रोडगे..."

"स्वाहा!" सुलोचनाबाईंनी तुपाची वाटी उपडी केली. जाळ भडकला. सर्वांनी हात जोडले.

शेवटी अण्णाजींनी काडीने राख बाजूला सारून रोडगे काढले. एकाला कुंकू लागले होते, दुसऱ्याला जळकी पाकळी. आता कुठे सगळ्यांना उलगडा झाला. हशा पिकला. सचिनने तरीही प्रसादासारखा उजव्या हातावर तुकडा घेतला.

"देवळात जेवल्यावानी वाटून राह्यलं," सुलोचनाबाई चावता चावता म्हणाल्या.

अण्णाजीही हसत होते. हसतच त्यांनी घास घेतला आणि त्यांचे चावणे थांबले. मनकर्णाबाईंना दाराशी निजवले होते तेव्हा उशाशी हाच वास होता.

"हा तिच्या रोडग्यांचा वास नाई," ते हळूच म्हणाले. "तिले नेलं त्या दिवसाचा हाय."

एकेक जण उतरत गेला आणि गच्ची रिकामी झाली. धनंजय खोक्यावरची बारीक अक्षरे आता वाचत उभा होता: होमासाठी, गुग्गुळ-कापूर घातलेल्या.

दुपारी अण्णाजींनी उरलेल्या गोवऱ्या देवघराशी नेऊन ठेवल्या, कणकेची पिशवी घेतली आणि चपला घातल्या.

"मामाजी, कुठं निघाले?" रूपालीने विचारले.

"शेतात. नाचणगावले."

"एकटेच?"

अण्णाजी जिना उतरू लागले. रूपालीने भाजीच्या डब्याला झाकण लावले. धनंजयने गाडी काढली.

शेताशेजारच्या गोठ्यातून गोवऱ्या मिळाल्या. वेड्यावाकड्या, काड निघालेल्या, थापणारीची बोटे उमटलेल्या. अण्णाजींनी त्या बांधावर रचल्या आणि परातीकडे वळले, तर तिथे पदर खोचून रूपाली बसली होती.

"गोळे मी भरतो. तुमी ते कराचं नाई," ती म्हणाली.

तिचा पहिलाच गोळा उकलला. अण्णाजी फुंकर घालत होते. त्यांना ते दिसले. त्यांनी आणखी एक गोवरी जाळात सरकवली. मग खाकरले.

"सांधा उकलला पाह."

रूपालीने मान वर केली नाही. "माह्या सांध्याचं राहू द्या, मामाजी. तुमची आग पाहा."

धुराला गुग्गुळाचा वास नव्हता, तरी अण्णाजींनी डोळे पुसले. पहिले पान मनकर्णाबाईंच्या नावाने मांडायचे होते. त्यासाठी त्यांनी तोच उकललेला गोळा उचलला आणि निखाऱ्यांत अलगद पुरला.