गुलाबभाऊंची वाटाण्याची बंदूक

आमच्या महाल भागातल्या गल्लीत गुलाबभाऊंचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. चांगली चालती वस्तू त्यांच्या हाती दिली की ती सुधारून परत यायची, आणि सुधारली म्हणजे हळू झाली असं समजायचं. माझा टेबल फॅन त्यांनी असा सुधारला की तीन नंबरवर ठेवला तरी पाती मोजता यायची. तेही नागपूरच्या वैशाखात. मी तक्रार केली तर म्हणाले, "मास्तर, आता हा जन्मात जळत नाई. तुमचे नातू वापरतीन." नातवांचं नंतर बघू, घाम मला येत होता.

पण पंख्याचं मी सोडून दिलं. बंदुकीचं मात्र सोडणार नव्हतो.

दर उन्हाळ्यात माझी बायको गच्चीवर सरगुंडे, कुरोड्या, मुगोड्या वाळत घालायची आणि दर उन्हाळ्यात वानरांची टोळी येऊन त्यांचा फडशा पाडायची. दगड मारायची सोय नाही, कारण वानरं पडली मारुतीची. शेवटी शेजारच्या गच्चीवरून गुलाबभाऊ म्हणाले, "मी करून देतो एक यंत्र." आणि खरंच त्यांनी विजेवर चालणारी बंदूक केली. मोटार जुन्या मिक्सरची, नळी सायकलच्या पंपाची. दात्यांचं चाक फिरलं की स्प्रिंग मागे ओढली जाऊन सुटायची आणि वरच्या डब्यातला वाटाणा नळीतून सणसणत बाहेर पडायचा. दोन गच्च्यांमधल्या भिंतीवर ती बसवली आणि बटण दाबलं. तडतडतडतड! वानरं पार गांधीसागर तलावापर्यंत पळाली असतील. बायकोने गुलाबभाऊंना वाटीभर खीर पाठवली.

इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. गुलाबभाऊंनी आठवड्याभरात बंदूक सुधारायला घेतली.

आधी त्यांनी मोठं चाक बसवलं. "लहान चाकाचे दाते झिजतात गा," म्हणाले. तडतडीची टक टक टक झाली. मग मोटार नव्याने गुंडाळली, तेव्हा टक आणि टक यांच्यामध्ये माझा अर्धा सुस्कारा मावू लागला. मग स्प्रिंग नरम टाकली. पुढे तर वाटाणे नळीत अडकतात म्हणून फुटाणे भरले. आता मला सांगा, वानरांना हाकलायला फुटाणे? वानरं पळायची सोडाच, भिंतीवर रांगेने बसून वाट पाहू लागली.

"ते बंदूक हाये का पंगतीतला वाढपी?" बायको म्हणाली. "एकेक दाना वाढून राहिली. तुम्ही बोलता का मी बोलू?"

त्या वर्षी आमच्या मुलीचं, लीलाचं लग्न ठरलेलं होतं. रुखवतात मांडायच्या कुरोड्या बायकोने पहाटे उठून गच्चीवर जुन्या साडीवर घातल्या होत्या, नक्षीदार, एकसारख्या. एका दुपारी त्यातल्या अर्ध्या गेल्या. बायको त्या अर्ध्या रिकाम्या साडीसमोर बसून रडली. मग मात्र माझं डोकं फिरलं. आज या माणसाला त्याच्या सगळ्या सुधारणांसकट खाली उतरवतो, असं म्हणत मी भर उन्हात त्यांचा जिना चढलो.

गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्याच्या सावलीत गुलाबभाऊ मांडी घालून बसले होते. बंदूक भिंतीवरून काढून खोक्यावर ठेवलेली. समोर हातभर अंतरावर एक म्हातारी वानरीण. तिचा एक हात वाळून छातीशी लोंबत होता. यंत्र कुरकुरलं, एक फुटाणा टप्पकन तिच्यापुढे पडला. तिने चांगल्या हाताने उचलला, तोंडात टाकला, सावकाश चावला. मग दुसरा पडला.

"हे काय चाललंय, गुलाबभाऊ? काहून करून राहिले तुम्ही हे?" मी ओरडलोच.

"हळू बोला, मास्तर. थे उठून जाईन." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "एकदम टाकले का बाकीचे झडप घालतात. हिले एकच हात हाये."

मी काही बोलणार, तेवढ्यात तेच पुढे म्हणाले, "आमची शांता दीड वर्ष तशीच होती ना. उजवी बाजू गेलती. मीच भरवत होतो तिले. पन मले दुकान उघडाची घाई. एक घास गिळला नाई का दुसरा तोंडाशी. बोलता येत नव्हतं तिले. डोये भरून येत तिचे, तं मले वाटे ठसका लागला."

शांतावहिनींना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. या माणसाने इतक्या वर्षांत माझ्याशी चाक, स्प्रिंग आणि वायंडिंग सोडून दुसरं काही बोललेलं मला आठवत नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला, कारण कुरोड्या तर गेल्याच होत्या.

तेवढ्यात पुढचा फुटाणा पडला. म्हातारीचं अजून चावून झालं नव्हतं. कठड्यावरच्या एका पिल्लाने उडी मारून तो पळवला.

"पाह्यलं? अजून लवकर पडते," गुलाबभाऊ म्हणाले आणि पिशवीतून पाना काढला. "जरा हे चाक धरता का, मास्तर?"

मी चाक धरून बसलो. तासभर तरी गेला असेल.

घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी होती. "बोलले का त्याईले?"

"उद्यापासून कुरोड्या मी राखतो," मी म्हटलं आणि कोपऱ्यातली काठी शोधू लागलो.