विजयाच्या अभ्यासाची राखण

शिरगावातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी म्हणजे नरहरीची विजया. त्यामुळे तिचा अभ्यास हा साऱ्या आळीचा मामला झाला. वाडीतल्या पेरूंना राखण लागते, मग अभ्यासाला नको? आळीनं पाळी लावली. रोज संध्याकाळी एकेका घरचं माणूस नरहरीच्या ओटीवर बसणार आणि विजयाला कुणी त्रास देत नाही ना, ते बघणार.

त्रास द्यायला दुसरं कुणी येतच नव्हतं. सोमवारी साखरबाई यायची आणि नुसतं बसून कंटाळा येतो म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून दोन्ही सुनांची गाऱ्हाणी सांगायची. मंगळवारी पुंजाराम तपकीर ओढून शिंकत बसे आणि दर शिंकेनंतर "चालू दे गो तुजा" म्हणून धीर देई. शिवाय राखणदाराला चहा लागे. आई गोठ्यात असली की तो विजयालाच करावा लागे. सहामाहीत ती दोन विषयांत आपटली.

"एक राखणदार पुरत नाय," पुंजारामनं निदान केलं. आळीनं दोन लावले. आता ते आपसात भांडू लागले.

मग पालघरच्या कॉलेजातून पत्र आलं. चाचणीत पास झाली तरच वार्षिक परीक्षेला बसता येईल. नरहरीनं ते दोनदा वाचलं आणि वाणगावच्या स्थळाला काय कळवायचं, असं बायकोला हळूच विचारलं.

विजयानं ते ऐकलं. पुस्तकं काखोटीला मारून ती थेट शेजारच्या बळवंताच्या वाडीत गेली. बळवंत राखणीच्या उंच माळ्यावर बसून गोफणीनं पोपट हाकत होता.

"काका, उतरा खाली. आजपासून राखण मी करते."

"पोरीची जात माळ्यावर? लोक काय बोलतील?"

"ओटीवर येऊन बोलतात ते काय कमी हाय? आता खालून बोलू देत."

बळवंताची कंबर तशीही धरली होती. तो उतरला.

आळीत बोभाटा झाला. नरहरी तिला न्यायला आला, तर विजया वरूनच म्हणाली, "बाबा, नापास झाले तर तुमी म्हणाल त्या गावी जाईन. तवर संध्याकाळची मी हितंच बसणार."

दोन महिने ती कॉलेजातून परस्पर माळ्यावर जात राहिली. गोफण खुंटीवरून हलली नाही. चाचणीत विजया वर्गात तिसरी आली. पोपटांचंही भलं झालं, कारण वाडीत एक पेरू धड उरला नाही.

बळवंत चोची मारलेल्या पेरूंची टोपली घेऊन आळीत आला, तेव्हा विजया दाराआड सरकली. बळवंतानं टोपली सगळ्यांपुढे धरली.

"बघून घ्या," तो अभिमानानं म्हणाला, "पोरीनं एकदाबी मान वर केली नाय."

आळीची बैठक बसली. हे यश राखणीचंच, यावर एकमत झालं. वार्षिक परीक्षेपर्यंत पाळी पुन्हा सुरू करायची, फक्त जागा माळ्यावरची. पहिला मान साखरबाईचा. विजयाला पुन्हा चूल नको, म्हणून या खेपेला साखरबाई चहाची किटली घरूनच घेऊन आली आणि तिनं शिडीला हात घातला.

माळ्यावरच्या विजयानं शिडी वर ओढून घेतली आणि किटलीपुरती दोरी खाली सोडली.