प्रेमदासजींनी खोललेलं रीळ

सिंदी मेघेच्या प्रेमदासजींना एका गोष्टीची पक्की खात्री होती : माणसानं बनवलेली वस्तू माणसाला खोलता आलीच पाहिजे! परत बंद कशी करायची, हा प्रश्न ते नंतरसाठी ठेवत. अशा ठेवलेल्या प्रश्नांची तीन खोकी त्यांच्या पलंगाखाली होती. एकात मिक्सर, दुसऱ्यात इस्त्री, आणि तिसऱ्यात काय आहे ते आता त्यांनाही ओळखू येत नव्हतं.

तर अशा या प्रेमदासजींच्या मयुरीला समुद्रपूरचं स्थळ आलं. मुलगा स्वप्निल, पुण्यात नोकरीला. पसंती झाली, फक्त तारीख काढायची राहिली. मुलाचे वडील अण्णाजी तलावावरच्या मासेमारीचे भलते शौकीन. लेकानं पहिल्या पगारातून त्यांना बेटकास्टिंग रीळ घेऊन दिलं होतं. त्यात दोरी आडव्या चाकावर गुंडाळलेली असते, आणि गळ फेकताना ते चाक अंगठ्यानं आवरायचं असतं. अण्णाजींना ते कधी आवरलं नाही. ते प्रेमदासजींकडे चहाला आले तेव्हा हातातल्या रिळावर दोरीचा हा एवढा गुंता होता!

"पुण्याले पाठवा लागन दुरुस्तीले," अण्णाजी उसासा टाकून म्हणाले.

"पुण्याले? काऊन जी? मी काय मेलो का?" प्रेमदासजींनी रीळ हातातून काढूनच घेतलं. "इतवारी तारीख काढाले येता न? तवा नवंकोरं घेऊन जाजा!"

अण्णाजी गेल्यावर मयुरी रडकुंडीला आली. "बाबा, लग्न अजून पक्कं नाई झालं! हे बिघडलं त काय म्हणतीन थे लोकं?"

"तू पाहात राह्य!"

बुधवारी ओसरीवर मोबाइलात व्हिडिओ लावून काम सुरू झालं. गुंता कात्रीनं सुटला, म्हणजे दोरीच सुटली. मग बाजूचं झाकण खोललं आणि आतली बारकी स्प्रिंग टणकन उडाली! ओसरी झाडली, चपला झटकल्या. स्प्रिंग काही दिसेना. शेजारीच मयुरीची आई, माधवीबाई, कुरड्या घालत होत्या. अर्ध्या तासानं त्यांचा सोऱ्या अडला. जोर लावला, आणि कुरडईच्या मधोमध स्प्रिंग बाहेर आली.

"माय वो! मीच खाल्ली असती न हे!"

"बरं झालं, धुवून निघाली," प्रेमदासजी म्हणाले.

व्हिडिओतला गोरा म्हणत होता, तेलाचा एकच थेंब. प्रेमदासजींना हा कंजूसपणा वाटला. त्यांनी स्वयंपाकघरातून जवसाच्या तेलाची बाटली आणली.

"अवो, जवसाचं नका टाकू! थे..."

"तू कुरड्या पाह्य! ज्या तेलावर आपले सांधे चालते, त्यावर हे एवढंसं चाक नाई चालणार?"

दोन चमचे तेल गेलं. चाक असं भिंगरीसारखं फिरलं, की प्रेमदासजींनी लगेच समुद्रपूरला फोन केला. "रीळ नाई जी, वारा आहे वारा!" मग तेल नीट मुरावं म्हणून ते रीळ गच्चीवर उन्हात ठेवलं. आता, मे महिन्यातलं वर्ध्याचं ऊन ते! त्यात तीन दिवस!

रविवारी सकाळी चाक जागचं हलेना. तेलाचा पिवळा राळेसारखा थर बसला होता. माधवीबाई शांतपणे म्हणाल्या, "तेच सांगत होतो. माह्या कढईले असेच थर चढते, मी घासतो म्हणून मले माहीत." गरम पाणी झालं, ब्रश झाला. शेवटी पकड आणून चाक फिरवायची मूठ पिळली. कट्!

मूठ हातात आणि बाहेर फटफटीचा हॉर्न! अण्णाजी आणि त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई आले होते.

प्रेमदासजींनी चना-पोहे दिले, परत दिले, तिसऱ्यांदाही वाढायला गेले. अण्णाजी म्हणाले, "पोहे राहू द्या. माहं रीळ आणा."

रीळ एका हातात, मूठ दुसऱ्या हातात, असे प्रेमदासजी उभे राहिले. अण्णाजींचा चेहरा पार उतरला. मयुरीनं दाराआड डोळे मिटून घेतले. बिचारीला वाटलं, संपलं सगळं!

"आता नाईच चालणार हे?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"नाई जी," प्रेमदासजी पुटपुटले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून हे निघालं.

"कधीच नाई?"

"कधीच नाई."

"मंग आजच तारीख काढा! हे रीळ आल्यापासून हा माणूस घरात दिसत नाई. आता लग्नाच्या कामाले तरी सापडन!"

तारीख निघाली. मयुरीचा जीव भांड्यात पडला. निघताना सुलोचनाबाईंनी प्रेमदासजींना बाजूला घेतलं आणि हातात किल्ली ठेवली.

"आमी यष्टीनं जातो. याईची फटफटी तुमच्यापाशी राहू द्या. जरा खोलून पाहा."

प्रेमदासजींची छाती पुन्हा फुगली. "काय बिघडलं तिच्यात?"

"काईच नाई," त्या हळूच म्हणाल्या. "चांगली तलावापर्यंत जाते!"