शिओरीताई आणि दीडशे निळे दिवे

गर्दी जमवायची म्हटली की लखनौत एकच नाव निघतं. माझं! बाबूराव मेश्राम, मूळचा भंडाऱ्याचा, नोकरीपायी इथला. दर चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत माणसं कुठून आणायची, घोषणा कोण देणार, सगळं माझ्याकडे. त्यामुळे आमची प्राची तोंड पाडून बसली तेव्हा मला हसूच आलं.

"बाबा, हम तीन ही लोग हैं!" ती म्हणाली. आमच्या लेकीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

प्रकरण असं होतं. जपानमधल्या पाच मुलींचा गाण्याचा गट लखनौला यायचा होता. तिकडे चाहते नुसत्या टाळ्या वाजवत नाहीत हो! हातातला दिवा तालावर हलवायचा, ठरल्या जागी ठरलेलं ओरडायचं. ज्याचा जथा सगळ्यांत भारी, त्याला टोकियोच्या मोठ्या कार्यक्रमाचं आमंत्रण, सोबत आणखी एक माणूस. निवड त्या मुलीच करणार. टोकियोला जाऊन तो कार्यक्रम बघायचा, या एका स्वप्नापायी प्राची जपानी शिकत होती. आणि तिच्या जथ्यात ती धरून तीन जणी!

"गर्दी माझ्यावर सोड!" मी छाती ठोकली.

"लाइट भी चाहिए होगी, बाबा."

"तीही माझ्यावर सोड!"

इथेच माशी शिंकली. कसली लाइट, एवढं विचारायला काय झालं होतं? पण विचारेल तो बाबूराव कसला!

मंडळाच्या कपाटात मिरवणुकीचे दीडशे दिवे पडून होते. बॅटरीचे, हातात धरायचे, निळेशार. कार्यक्रमाच्या दिवशी तीन बस भरून माणसं आणली. मंडळातला संग्राम तर ढोल घेऊन आला, तो दारावरच काढून घेतला. सुनंदा, म्हणजे आमची सौ., कुरकुरत आली. "अहो, न कळणारी गाणी ऐकायला एवढं गाव कशाला गोळा केलंय?"

प्राची पुढच्या रांगेत गुलाबी दिवा घेऊन उभी. अंधार झाला, मुली मंचावर आल्या, मी हात वर केला आणि दीडशे निळे दिवे एकदम पेटले! काय देखावा! माझ्या अंगावर काटा आला.

प्राचीने मागे वळून पाहिलं आणि धावतच माझ्याकडे आली.

"बाबा! ये क्या कर दिया आपने! हर लड़की का अपना रंग होता है! हमारी मोएका का गुलाबी है!"

"मग निळा कुणाचा?"

"शिओरी का! वो, सबसे पीछेवाली! उसे कोई पूछता ही नहीं!"

मागच्या कोपऱ्यात एक बारकीशी मुलगी नाचायचं विसरून आमच्याकडे बघत उभी होती. आमच्या बाजूला टोकियोहून गटाच्या मागे मागे आलेले चाहते. बहुतेकांच्या हातात गुलाबी दिवे, काहींच्या हिरवे-पिवळे, निळा मात्र एकाच्याच हातात. त्या गृहस्थाने कमरेत वाकून मला नमस्कार केला आणि डोळे पुसले.

"लाइट बंद करवाइए, बाबा, प्लीज!" प्राची रडकुंडीला आली.

खरं सांगतो, लेकीचं टोकियो मी माझ्या हाताने बुडवलं होतं! पण आपल्या माणसांना निळा खाली करा म्हणायचं? तेही जिला कुणी विचारत नाही अशा पोरीसमोर? ते माझ्या तोंडून निघेना. निघाली ती घोषणा.

"शिओरीताई, तुम आगे बढो!"

"हम तुम्हारे साथ हैं!" दीडशे गळे गरजले.

टोकियोवाले आधी दचकले. दुसऱ्या खेपेला तेही आमच्यात, आणि तालात आमच्याहून पक्के! मंचावरच्या चौघींनी हसत शिओरीला मध्ये ढकललं. ती गायली. अशी गायली की बस! आणि गाणं संपल्यावर माइक धरून रडायलाच लागली.

"काय म्हणतेय गं?" मी विचारलं. बघतो तर प्राचीही रडत होती.

"कह रही है, टोकियो में उसके लिए दो ही लाइट जलती हैं. एक इन अंकल की, एक उसकी माँ की."

हे ऐकलं आणि सुनंदा उठली. कुणाला न विचारता मंचाच्या पायऱ्या चढली, पदराने त्या पोरीचं तोंड पुसलं आणि मराठीत दटावलं, "रडतेस काय, वेडे? आम्ही आहोत ना!" शिओरीला त्यातलं एक अक्षर कळलं नसेल, पण ती तिच्या गळ्यातच पडली.

पाचही मुलींनी एकमताने आमचा जथा निवडला. "बाबा, हम जीत गए!" म्हणत प्राचीने मला गदागदा हलवलं. मी शर्ट नीट खोचला, केसांवरून हात फिरवला आणि आमंत्रण घ्यायला मंचाकडे निघालो. शिओरीने ते दोन्ही हातांत धरलं, खाली वाकली आणि आमच्या जथ्याच्या प्रमुखाला दिलं. म्हणजे तिच्या शेजारी पदर सावरत उभ्या असलेल्या सुनंदाला!

सोबतचं माणूस कोण, हे कुणाला विचारावंच लागलं नाही.

मागच्या आठवड्यात मायलेकींना अमौसी विमानतळावर विमानात बसवून आलो. रोज फोटो येतात, दोघींच्या हातात निळे दिवे. ऑफिसात लोक माझा हात हातात घेऊन म्हणतात, "वाह बाबूरावजी, जापान जीत लिया आपने!" मीही मान डोलावतो. आता त्यांना काय सांगू, की जपान जिंकलं खरं, पण पोळी अजून गोल येत नाही!