लिफ्टच्या पुस्तिकेतले नाना

"परवानगीशिवाय आता भूतसुद्धा आत शिरू शकणार नाही!" कुलूपरावांनी छाती फुगवून जाहीर केलं.

कुलूपराव म्हणजे ऑफिसातले संगणक सांभाळणारे गृहस्थ. स्वतःचा डबासुद्धा कपाटात कुलूपबंद ठेवायचे, म्हणून हे नाव पडलं. ऑफिसचं काम यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याचं. सगळ्यांच्या सामायिक फायली त्यांनी आता घरबसल्या उघडता येतील अशा केल्या होत्या. आधी पासवर्ड टाकायचा, मग मोबाइलवर आलेला आकडा, तेव्हा कुठे दार उघडणार! साहेब खूश झाले आणि पहिल्याच दिवशी जवळजवळ सगळी मंडळी घरून कामाला लागली.

त्यामुळे भरदुपारी ऑफिस भकास दिसत होतं. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, संगणकांचे काळे ठिक्कर पडदे आणि आजारी माणसासारखा कण्हणारा एक पंखा. उरले होते तिघेच. काचेच्या खोलीत साहेब, खिडकीपाशी आकृत्या काढणाऱ्या बाई, आणि मोबाइल घरी विसरून आलेले कुलूपराव.

"अहो, जरा इकडे या," बाईंनी पडद्यावरची नजर न काढता हाक मारली. "फायलीत नाना आलेत."

"कोण नाना?"

"आपले नाना!"

नाना म्हणजे ऑफिसचे मुद्रितशोधक. हयातभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि गेल्या हिवाळ्यात अचानक वारले. त्यांच्या खुर्चीत बसायला अजून कोणी धजावलं नव्हतं.

कुलूपराव हसत हसत आले आणि ते हसू तसंच ओठांवर वाळलं. संध्याकाळी छापखान्यात जायची लिफ्टची पुस्तिका पडद्यावर उघडी होती. फाईल कोण वापरतंय ते दाखवणाऱ्या कोपऱ्यात नानांचं नाव हिरवंगार चमकत होतं. आणि पानावरच्या जुन्या सूचनेला जोडून एकेक नवा शब्द उमटत होता.

'लिफ्टमध्ये शिरल्यावर दार नीट लागल्याची खात्री करा. किती अंधार आहे इथे.'

बाईंनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.

"नानांचं खातं बंद केलं होतंत ना?" मागून साहेबांचा आवाज आला आणि कुलूपराव वीतभर उडाले.

"केव्हाच!" त्यांनी ठोकून दिलं. खरं तर गेलेल्या माणसाचं नाव पुसायला त्यांचा हात धजावला नव्हता.

'थंडी वाजतेय,' पडदा म्हणाला. 'मला इथे टाकून सगळे कुठे गेले?'

तिघांनी एकदमच मागे वळून नानांच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामीच होती. पण ती किंचित फिरली, असं बाई शपथेवर सांगत होत्या.

"विचारा, काय हवंय त्यांना," साहेब कुजबुजले. बाईंनी लिहिलं, 'नाना, काय हवंय?'

मग सावकाश अक्षरं आली.

'बाळ्याला बोलवा.'

"हा बाळ्या कोण?" साहेबांनी विचारलं.

कुलूपरावांनी पडद्यावरचं ते नाव पुन्हा वाचलं. जगात एकच व्यक्ती त्यांना बाळ्या म्हणायची, त्यांची आई. तेही घरात. नानांना हे कळलं कसं? की तिकडे गेल्यावर सगळंच कळतं?

"हाकला त्यांना! पुस्तिका जायचीय!" साहेब ओरडले.

कुलूपरावांनी धावत जाऊन खातं बंद करायला घेतलं. यंत्राने नम्रपणे मोबाइलवरचा आकडा मागितला. मोबाइल घरी! भूत आत आणि कुलूपराव बाहेर!

'मीच उठू का आता?' पडद्याने विचारलं.

"नको!" साहेब किंचाळले. कुलूपराव तर तोवर जिन्यात पोचले होते.

मिळेल त्या गाडीने ते घरी आले. दार उघडताच बायको म्हणाली, "बरं झालं आलात. सकाळपासून तुमच्या नावाचा जप चाललाय. मी किती ठिकाणी पुरी पडू?"

आतल्या खोलीत पडदे ओढलेले. नुकतंच डोळ्यांचं ऑपरेशन झालेली आई डोळ्यांवर पट्टी बांधून पलंगावर पडली होती. "कुणीतरी पांघरूण द्या गं," ती म्हणाली. समोरच्या संगणकावर, नानांच्या नावाखाली, तेच शब्द उमटले.

कुलूपराव दारातच थिजले. सकाळी त्यांनीच नानांच्या पडून असलेल्या खात्याने लिफ्टची पुस्तिका उघडून चाचणी घेतली होती. आकडा स्वतःच्या मोबाइलवर मागवला होता आणि बोटांना त्रास नको म्हणून बोललेलं टाइप करणारा माईक लावला होता. मग उशीर झाला म्हणून सगळं तसंच टाकून पळाले होते!

त्यांनी आईला पांघरूण घातलं, तिचा हात हातात घेतला.

"बाळ्या? किती हाका मारल्या रे तुला!"

"ऐकू आल्या गं आई," कुलूपराव म्हणाले. मग ते बायकोकडे वळून हळूच म्हणाले, "हे बघ, ऑफिसात कोणाला बोलायचं नाही. नानांचं भूत होतं, असंच राहू दे. खातं मी बंद केलंच नव्हतं हे साहेबांना कळलं, तर नोकरी जाईल!"

बायकोने फक्त पडद्याकडे बोट दाखवलं.

लिफ्टच्या आपत्कालीन सूचनांखाली त्यांचं वाक्य न् वाक्य उतरलं होतं. त्याखाली आता साहेबांचं नाव चमकू लागलं.

'आईंपाशी बसा. नोकरीचं उद्या बघू. आधी तो माईक बंद करा, पुस्तिका छापायला जायचीय.'

"हो साहेब," कुलूपराव पुटपुटले.

तेही उमटलं.