मोशीच्या घराची तुलनात्मक चाचणी

मी कुठलीही गोष्ट तपासून घेतल्याशिवाय घेत नाही. भेंडी घेताना प्रत्येकीचं टोक मोडून बघते, भाजीवाला कितीही कुरकुरला तरी. आमचे हे एकदा म्हणाले, "मग माझ्या वेळेला काय झालं होतं?" मी म्हटलं, तेव्हा मी शिकत होते.

सांगायचा मुद्दा असा की सॉफ्टवेअर मी डोळे झाकून घेणार नव्हते. माझं आर्किटेक्टचं ऑफिस मोशीत, नाशिक रस्त्याला लागून, पहिल्या मजल्यावर. तीन टेबलं, एक प्रिंटर आणि कामाला दोघं जण, तनुजा आणि सरफराज. आमचं जुनं नकाशे काढायचं सॉफ्टवेअर दहा वर्षं इमानदारीत चाललं आणि एका सोमवारी उघडेनासंच झालं. नवीन घ्यायचं तर बाजारात दोन. एक 'प्लॅनवीर', दुसरं 'त्रिमिती'. प्लॅनवीर म्हणजे सरळ रेघांचा कारभार, झटपट. त्रिमितीत रेघ ओढायची नाही, थेट भिंतच उभी करायची. भिंत हलवली की तिच्यातली खिडकी आपसूक हलते, आणि एकूण दारं किती तेही ते स्वतःच मोजून सांगतं.

सरफराजला प्लॅनवीर हवं होतं, तनुजाला त्रिमिती. दोघं चार दिवस इतके भांडले की डबे वेगवेगळ्या वेळी खायला लागले. पाचव्या दिवशी मी उभी राहिले आणि जाहीर केलं, "भांडण नको. चाचणी घेऊ. शास्त्रशुद्ध. आपल्याकडे एकच सॉफ्टवेअर येणार आणि जे येईल ते मार्कांवर येणार."

दोन्ही कंपन्या महिनाभर फुकट वापरायला देतात. मी चाळीस मुद्द्यांचा तक्ता केला. एकच घर, माझ्या हातचं एकच कच्चं चित्र, आठ दिवसांची मुदत. सरफराजनं ते प्लॅनवीरमध्ये काढायचं, तनुजानं त्रिमितीत. आठ दिवस या घराबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. मध्ये मी फायलींचं कपाट आडवं लावून घेतलं.

घर मात्र खोटं नव्हतं. मोशीतल्या रंगराव आणि बबनराव या भावांचं होतं. थोरले रंगराव वाळू-विटांचा धंदा करतात, धाकटे बबनराव चाकणला कंपनीत सुपरवायझर आहेत. त्यांचं जुनं घर रस्त्यात गेलं आणि अकरा माणसं दोन वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये दाटीवाटीनं राहत होती. उरलेल्या पाच गुंठ्यांवर सगळ्यांनी मिळून एकच घर बांधायचं, असं ठरलं होतं. दोघे भाऊ पहिल्यांदा ऑफिसात आले तेव्हा रंगराव म्हणाले, "ताई, आईची एकच अट हाय. घर एक, चूल एक." बबनरावांनी मान डोलावली. आई म्हणजे आक्काबाई, वय वर्षं ऐंशी. मला ते ऐकून भरून आलं होतं. आजकाल असं कोण राहतं?

तक्त्यातला अडतिसावा मुद्दा असा होता: ग्राहकाला मोबाईलवर नकाशा सहज उघडतो का? इथे मी डोकं चालवलं. दोघा भावांना दोन्ही नकाशे पाठवले असते तर त्यांनी आपसात चर्चा करून मत बनवलं असतं, आणि चाचणी बिघडली असती. म्हणून प्लॅनवीरचा नकाशा फक्त रंगरावांना पाठवायचा आणि त्रिमितीचा फक्त बबनरावांना. नकाशाच्या खालच्या चौकटीत दोन्ही सॉफ्टवेअर मालकाचं नाव मागतात, त्याशिवाय पुढे सरकतच नाहीत. ज्याला पाठवायचं त्याचं नाव दोघांनी टाकलं. एकावर 'श्री. रंगराव यांचे घर', दुसऱ्यावर 'श्री. बबनराव यांचे घर'. मी दोन्ही तपासले आणि मला काहीही वावगं वाटलं नाही. माझं लक्ष मार्कांवर होतं.

आता मोशीसारख्या गावात जमिनीच्या कागदावर नाव असणं म्हणजे काय असतं, हे मला कळायला हवं होतं. वीस वर्षं इथे काम करते मी. सातबाऱ्यावरचं एक नाव मागेपुढे झालं म्हणून सख्ख्या भावांनी बोलणं टाकलेलं मी पाहिलं आहे. आणि इथे एकाच पाच गुंठ्यांवर दोन अख्खी घरं, दोन वेगळ्या नावांची.

नकाशे पाठवले त्याच दुपारी रंगरावांचा फोन आला.

"ताई, बबनलाबी नकाशा धाडलाय म्हनं."

"हो, त्यांना दुसरा पाठवलाय."

"दुसरा?"

"मुद्दामच. तुम्ही एकमेकांचा बघूच नका."

"बबननं सांगितलं हुतं असं करायला?"

"छे हो, माझंच ठरलं होतं."

"आन फुडं?"

"पुढे काय, दोन्हींपैकी एक ठेवायचं, दुसरं काढून टाकायचं."

"कुनाचं काढनार?"

"ते आत्ताच कसं सांगू? आठवडाभर दोन्ही वापरून बघते. जे जड जाईल ते जाईल."

मग "बरंय" म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी तक्त्यात लिहिलं: ग्राहकाला चाचणीत चांगला रस. पाचपैकी चार.

तासाभरात बबनरावांचा फोन. कंपनीतून बोलत होते, मागे मशीनचा आवाज.

"ताई, दादाचं घर कसं काढलंय?"

"साधं, रेघांमध्ये. तुमचं रंगीत आहे, झाडंसुद्धा आहेत."

"दादाला म्हाईत हाय ह्ये?"

"आत्ताच बोलले मी त्यांच्याशी."

"काय म्हनला?"

"बरंय म्हणाले."

"नुसतं बरंय?" बबनरावांचा आवाज एकदम खाली आला. "तीस वर्सं एका ताटात जेवलोय आमी, ताई."

मला वाटलं, माणूस नव्या घराच्या आनंदानं हळवा झालाय. मी म्हटलं, "तुमचं जे काही मत असेल ते लिहून पाठवा. लेखी असलं की नंतर वाद नको."

"आता लेखी द्यायचं व्हय," असं काहीतरी पुटपुटत त्यांनी फोन ठेवला. मी पाचपैकी पाच दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरफराज आला तो पिशवी खांद्यावरून न उतरवता माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो त्या भावांच्या समोरच्याच इमारतीत राहतो. "मॅडम, तुम्ही रंगरावांना काय सांगितलंत?"

"का?"

"त्यांच्याकडे काल संध्याकाळी भावकी बसली होती. सकाळी बबनरावांनी प्लॉटवर मधोमध फक्कीची पांढरी रेघ मारली. रंगरावांनी ती पायानं पुसली. फ्लॅटच्या बाल्कनीत कुसुमताईंनी दुसरा गॅस मांडलाय." कुसुमताई म्हणजे रंगरावांची बायको. "दोघेही म्हणतात, मॅडमनीच सांगितलं, आठवड्यात एकाचं काढून टाकणार. आक्काबाई कालपासून जेवल्या नाहीत. म्हणतात, पोरांनी मला न सांगता वाटणी केली."

अडतिसाव्या मुद्द्यापायी मी एका म्हातारीला उपाशी ठेवलं होतं. माझी मलाच इतकी लाज वाटली की मी तक्ता उलटा करून ठेवला. तिघंही दोन लॅपटॉप घेऊन निघालो. सरफराजची दुचाकी पुढे, मागून माझी गाडी.

फ्लॅटमध्ये आक्काबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. रंगराव एका खुर्चीवर, बबनराव रजा टाकून दुसऱ्या खुर्चीवर, मध्ये टीपॉय. दोघांच्या बायका दोन दारांत. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दोन सॉफ्टवेअर, चाचणी, चौकटीतलं नाव, सगळं. शेवटी म्हटलं, "चूक माझी आहे. वाटणी नाही, दोन घरंही नाहीत. एकच घर दोनदा काढलंय."

"एक घर दोनदा कशापायी काढायचं?" रंगरावांनी विचारलं.

या प्रश्नाला माझ्याकडे चाळीस मुद्दे होते, पण त्या खोलीत त्यातला एकही सांगण्यासारखा वाटला नाही.

"दाखवा मग एकच हाय ते," बबनराव म्हणाले.

इथे मला पुन्हा हुरूप आला. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून दाखवता येतात. सरफराजची फाईल मी तनुजाच्या लॅपटॉपवर घेतली आणि त्यांच्या टीव्हीला जोडली. "बघा आता. भिंतीवर भिंत बसली, दारावर दार बसलं, जिन्यावर जिना बसला." दोघे भाऊ पुढे सरकले. आक्काबाईंनीही कूस बदलली. मी वरचा मजला दाखवला आणि थांबले.

रंगरावांच्या नकाशात वरच्या मजल्यावर, त्यांच्या खोलीला लागून, एक ओटा होता. सिंक, गॅस, वर खिडकी. बबनरावांच्या नकाशात तिथे नुसती गच्ची होती. पण खाली, त्यांच्या खोलीमागे, तसाच दुसरा ओटा. माझ्या कच्च्या चित्रात यातलं काहीही नव्हतं.

मी सरफराजकडे बघितलं. तो जमिनीकडे बघून म्हणाला, "कुसुमताईंचा फोन आला होता, मॅडम. म्हणाल्या, एक छोटासा टाक, कुणाला बोलू नको. तुम्हीपण या घराबद्दल बोलायचं नाही असंच सांगितलं होतं."

"आणि तू?" मी तनुजाला विचारलं.

"मला बबनरावांच्या मिसेसचा," ती म्हणाली. "मला वाटलं, हा चाचणीचा भाग असेल."

दोन्ही दारांतल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. दोघे भाऊ आपापल्या बायकोकडे. माझ्या मनात आलं, वाटणी काल झाली नव्हती, ती आत्ता झाली, आणि मीच ती टीव्हीवर मोठी करून दाखवली.

आक्काबाई उठून बसल्या. चष्मा मागितला. खाटेवरूनच टीव्हीकडे बोट केलं. "ह्यो ओटा थोरलीचा?"

कुसुमताई दाराआड सरकल्या.

"आन ह्यो धाकटीचा?"

कुसुमताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, चुकलं आमचं."

"आन माजा कुठं हाय?"

"तुमचा?" मी विचारलं.

"मग? दोघींना येगळी चूल, आन मी काय कुनाच्या दारात ताट घिऊन बसू?"

रंगराव गडबडले. "आई, तूच म्हनली हुतीस, चूल एक पायजे."

"मी म्हनले, घर एक. चुलीचं तुमी घातलंत पदरचं. मला कुनी इचारलं?" म्हातारीचा आवाज चढला. "तुला तिखट सोसत न्हाई म्हनून वीस वर्सं मी बिनतिखटाचं खातीय. बबनला लसूण चालत न्हाई, म्हनून लसणाचा वास इसरले. मरायच्या आदी मला एकदा माज्या हातचं, माज्या चवीचं खायचंय. मला बी एक काढ गं, बाय. लहान चालंल. खिडकी पायजे."

दोघे कर्ते भाऊ शाळेतल्या पोरांसारखे मान खाली घालून बसले. बबनराव हळूच म्हणाले, "आई, बोलायचंस की."

"तुमी बोललात का एकमेकांशी? कागद बघून पळालात भावकीकडं." मग त्यांनी सुनांकडे बघितलं. "आता भाकरी घाला कुनीतरी. कालपास्नं उपाशी हाय मी."

दोघी एकदमच स्वयंपाकघराकडे वळल्या. बाल्कनीतला गॅस तसाच राहिला. आम्हालाही जेवल्याशिवाय सोडलं नाही. आक्काबाईंनी स्वतः ठेचा केला, आणि रंगरावांनी तो सगळ्यांसमोर खाल्ला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ठेच्याचंच होतं की आणखी कशाचं, ते मी विचारलं नाही.

चाचणीचा निकाल त्याच आठवड्यात लावला. चाळीस मुद्दे, दोनशे मार्क. त्रिमिती एका मार्कानं पुढे. आम्ही त्रिमिती घेतलं आणि मोशीच्या घराचं पक्कं काम सुरू केलं. मालकाच्या जागी दोघा भावांची आणि आक्काबाईंची नावं, एक घर, सामाईक स्वयंपाकघराऐवजी तीन ओटे.

आता अडचण एवढीच आहे की त्रिमिती फार हुशार आहे. दर वेळी फाईल जतन करताना ते काम थांबवतं आणि लाल चौकटीत विचारतं: 'एकाच घरात तीन स्वयंपाकघरे आढळली. ही चूक असावी. दोन काढून टाकू का?' ते बंद करायची सोय नाही, मी कंपनीला विचारलं. दिवसातून चाळीसदा मी 'नको' दाबते. सरफराज त्याच्या टेबलावरून एक शब्द बोलत नाही. प्लॅनवीर असलं काही विचारत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.