घरसोबतिणीची रजा

सभेला माणसे नऊ होती. खुर्च्या नऊ, पंखे दोन आणि तांदळाच्या बिबिंग्का केकचे तुकडे सत्तावीस, म्हणजे माणशी बरोबर तीन. कोन्चिंगने ते पहाटे भाजून, मोजून कापले होते.

समाजाची उंची त्याला पडणाऱ्या प्रश्नांवरून कळते. केसोन सिटीतल्या या वसाहतीला प्रश्न पडला होता, की घरकाम करणाऱ्या बाईला म्हणायचे काय? म्हणून लुर्देस मॅडमच्या दिवाणखान्यात पदनाम-समिती बसली होती.

मॅडमकडे काम करणाऱ्या कोन्चिंगलाही एक विचारायचे होते. शनिवारी गावी लेक आर्लिन पदवी घेणार होती. मंचावर पदक आईने लावायचे असते. गाव बसने सहा तासांवर. चार वर्षांत मागितलेली ही पहिली रजा. "सभेत काढू विषय," मॅडम म्हणाल्या होत्या.

आधी मुख्य काम. स्पॅनिश अमदानीतली 'मुचाचा' म्हणजे पोरगी. कोन्चिंग बावन्न वर्षांची, तेव्हा शब्द बाद. 'कातुलोंग' म्हणजे मदतनीस. पण मदतनीस म्हटले की मूळ काम घरचे लोक करतात असा अर्थ निघतो, आणि हा आरोप कुणालाच मान्य नव्हता. उरला कायद्यातला 'कासांबाहाय', म्हणजे घरातली सोबतीण. (त्याच कायद्यात आठवड्याची सुट्टीही आहे, पण ती विषयपत्रिकेवर नव्हती.) टाळ्या पडल्या.

"ऐकलंस ना, कोन्चिंग? आजपासून तू सोबतीण," निवृत्त न्यायाधीश तिबुर्सियो म्हणाले. "कॉफी आण बघू."

"आणते, सर," दाराशी उभी असलेली कोन्चिंग म्हणाली. "पण मॅम, ते शनिवारचं..."

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. "नोकराला रजा देता येते. सोबतिणीला कशी देणार? आमच्या हिने चाळीस वर्षांत एक दिवस रजा घेतलेली नाही."

"मग शनिवारपुरतं मला मुचाचाच म्हणा, सर."

"छे, छे!" मॅडम कळवळल्या. "तुझा अपमान आम्ही करू? अगं, तू घरचीच ना!"

ठराव एकमताने मंजूर झाला. शनिवारी आर्लिनला पदक मावशीने लावले.

इतिवृत्तात उपस्थितांची संख्या नऊ अशी नोंदली आहे. या गोष्टीच्या पहिल्या ओळीतही तोच आकडा आहे. तिथपासून इथपर्यंत वाचकांकडून आलेल्या हरकती : शून्य.